भंगलेल्या पुलाची भरपाई

केरळातील कोची शहराच्या वळणरस्त्यावर पालारिवट्टम येथे जो उड्डाणपूल 2016 च्या ऑक्टोबरात समारंभपूर्वक वाहतुकीस खुला झाला, तो 1 मे 2019 रोजी, म्हणजे पुरती तीन वर्षे होण्याआधीच, बंद करावा लागला. पूल कोसळला नव्हता, कोणी दगावलेही नव्हते. परंतु त्याच्या खांबांच्या माथ्यांना आणि त्यांवर टेकलेल्या काँक्रीटच्या गर्डरांना भेगा गेल्याचे मद्रासच्या आय. आय. टी.च्या तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीत आढळून आले. कोकण रेल्वेमुळे आपल्याकडे घरोघरी माहीत झालेले ई. श्रीधरन यांनी सल्ला दिला तो असा, की एकूण 19 गाळ्यांपैकी 17 गाळ्यांचे गर्डर उतरवून तेथे नवे बसवावेत. ही दुरुस्ती नव्हे, जवळजवळ पुनर्जन्मच. आणि मग साहजिकच प्रश्न उभा राहिला, की हा खर्च कोणाच्या पदरी घालायचा.

‘ज्याने बिघडवले त्याने भरावे’ हे उत्तर कोणताही शहाणा माणूस क्षणात देईल. परंतु कोणी बिघडवले हे ठरविण्याचा मार्ग किती अडचणीचा असतो ते याच प्रकरणात दिसून आले. पूल पाडण्यापूर्वी त्याची भारचाचणी घ्यावी, म्हणजे त्यावर ठराविक वजन उभे करून तो किती वाकतो आणि वजन उतरल्यावर कितपत पूर्ववत् होतो हे पाहावे, असा हुकूम केरळच्या उच्च न्यायालयाने दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 22 सप्टेंबर 2020 रोजी त्याला चाचणीवाचून काम सुरू करण्याची मुभा मिळाली. लोकांच्या जिवाचा विचार करता हा निकाल मला योग्यच वाटतो. मात्र त्यातून एक विलक्षण पेच निर्माण होतो: भरपाईच्या दाव्याला जो पुरावा अत्यावश्यक, तोच सुरक्षिततेखातर तोडून, तुकडे करून ट्रकांत भरावा लागतो. म्हणून अशा प्रत्येक कामी गर्डरला हात लावण्याआधी भेगांची मोजमापे, काँक्रीटचे काढलेले नमुने आणि छायाचित्रे यांचा उभय पक्षांसमक्ष रीतसर पंचनामा झालाच पाहिजे. तो नसेल तर पुढे वर्षानुवर्षे वकिलांचीच चलती होते.

पैशाची तातडीची तजवीज कशी झाली, तेही पाहण्यासारखे आहे. ज्या दिल्ली मेट्रो महामंडळाकडे हे काम सोपविले, त्याने कोचीत पूर्वी बांधलेल्या इतर पुलांच्या कामांत काटकसर करून सुमारे 17 कोटी रुपये शिल्लक ठेवले होते, आणि तीच रक्कम येथे उपयोगास आली. चांगल्या पुलांनी वाचविलेले वाईट पुलाने खाल्ले, असेच म्हणावयाचे! 7 मार्च 2021 रोजी पूल पुन्हा खुला झाला; तत्पूर्वी राज्य सरकारने मूळ कंत्राटदार कंपनीकडे 24 कोटी 52 लाखांची मागणी केली होती. फौजदारी बाजूने पाहता, निविदेत तरतूद नसताना कंत्राटदारास आठ कोटींहून अधिक रकमेची उचल दिल्याचा आरोप दक्षता विभागाने ठेवला आणि एका माजी मंत्र्यास व एका माजी सचिवास अटकही झाली. आरोपांचा निवाडा न्यायालयाने करावयाचा. परंतु कोणाला कारावास घडला म्हणून खजिन्याची तूट भरून निघत नाही, हे दोन मामले वेगळे आहेत, आणि आपल्याकडे पहिल्याच्या गदारोळात दुसऱ्याचे विस्मरण होते.

वास्तविक सरकारी कंत्राटात या प्रसंगाची सोय आधीच करून ठेवलेली असते. कंत्राटदाराच्या प्रत्येक चालू देयकातून काही टक्के रक्कम सुरक्षा अनामत म्हणून कापून ठेवतात, शिवाय बँकेची हमी घेतात, आणि काम पुरे झाल्यावर ठराविक वर्षांचा दोषदायित्वाचा कालावधी असतो. त्या मुदतीत जे बिघडेल ते कंत्राटदाराने स्वखर्चाने नीट करून द्यावयाचे. ही मुदत संपली, अनामत परत गेली, बँकेच्या हमीचा कागद दप्तरातून निघाला, की शासनाच्या हाती उरतो तो केवळ दिवाणी दावा. पणजीचा मांडवीवरील पूल 1986 च्या जुलैत कोसळला तेव्हा तो जेमतेम दीड दशकाचा होता, आणि पुढे कित्येक वर्षे गोवेकरांना फेरीबोटीने नदी ओलांडावी लागली. पुलाच्या आयुष्याच्या हिशेबात पंधरा वर्षे म्हणजे बाळपणच. पण दोषदायित्वाच्या हिशेबात तो पूल केव्हाच वृद्ध झालेला असतो.

यावर विम्याचा उपाय सुचविणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात टॅकोमा येथील सामुद्रधुनीवरचा झुलता पूल 1 जुलै 1940 रोजी खुला झाला आणि त्याच वर्षीच्या 7 नोव्हेंबरला वाऱ्याने पिळवटून पाण्यात पडला. तो पूल विम्याने चांगला संरक्षित होता. मात्र एका विमा-प्रतिनिधीने आठ लक्ष डॉलरच्या पॉलिसीचा हप्ता कंपनीकडे भरलाच नव्हता, कारण एवढा मोठा पूल पडेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हते! गृहस्थ तुरुंगात गेला. मला मात्र त्याच्यापेक्षा त्या पुलाच्या आराखड्याची कथा अधिक बोधप्रद वाटते. राज्याच्या अभियंत्याने सुचविलेली पंचवीस फूट खोलीची जाळीदार तुळई महाग पडते म्हणून ती वगळून आठ फूट खोलीची सडपातळ, डौलदार रचना स्वीकारली गेली, आणि ती न्यूयॉर्कच्या एका नामांकित तज्ज्ञाची होती. येथे कंत्राटदाराने आराखड्याबरहुकूम काम केले होते. त्याच्याकडून काय वसूल करणार? स्वस्ताईचा मोह पैसे पुरविणाऱ्यांचा आणि मालकाचा होता, म्हणून त्या वाट्याचे देणेही त्यांचेच.

कंत्राटदार आराखड्याकडे बोट दाखवितो, आराखडाकार कंत्राटदाराच्या सिमेंटकडे, देखरेखीचा सल्लागार स्वाक्षरी केलेल्या कागदांकडे आणि अधिकारी उद्घाटनाच्या ठरलेल्या तारखेकडे. या चौकडीतून वाट काढण्याचा फ्रेंच कायद्याचा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. तेथील नागरी संहितेनुसार बांधकाम ताब्यात दिल्यापासून दहा वर्षांत त्याची मजबुती धोक्यात आणणारा दोष निघाला, तर बांधणारा आणि आराखडाकार हे दायी आहेत असे गृहीतच धरले जाते, आणि दोष बाहेरच्या कारणाने उद्भवला हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर पडतो. आपसांत कोणी किती सोसावे याचे भांडण त्यांनी मागाहून खुशाल करावे; मालकाने तोवर ताटकळत बसावयाचे नाही.

असा नियम येथे आणल्यास निविदांचे दर चढतील, अशी हाकाटी होईल, आणि ती खोटी नाही. दर चढतील, पण ती वाढ निविदेच्या कागदावर आकड्यात लिहिलेली असेल, विधिमंडळाला तिच्याविषयी प्रश्न विचारता येईल, आणि शून्य दोषाची हमी मोफत देऊ करणारा सर्वांत स्वस्त कंत्राटदार कोणत्या भरवशावर तसे म्हणतो, याचीही विचारपूस काम त्याच्या हाती देण्यापूर्वीच करता येईल.