दर्शनी भाग आणि गाभा

बँकेच्या खात्यातील शिल्लक एकच असते. ती पाहण्याच्या वाटा मात्र अनेक आहेत. शाखेतील कर्मचाऱ्याचा संगणक, एटीएम, बँकेचे संकेतस्थळ आणि मोबाइलवरील अ‍ॅप या चारही ठिकाणी नियम सारखेच लागू व्हावेत, अशी ग्राहकाची रास्त अपेक्षा असते. ती पूर्ण होण्यासाठी सॉफ्टवेअरच्या रचनेत एक पथ्य पाळावे लागते. वापरणाऱ्याला दिसणारा दर्शनी भाग आणि व्यवहाराचे नियम सांभाळणारा गाभा हे वेगळे ठेवावे लागतात.

या विचाराला नेमके रूप दिले ते नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी. जहाजबांधणीसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम केलेले रेन्सकाउग १९७८-७९ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात पाहुणे संशोधक होते. तेथे १९७९ मध्ये त्यांनी ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’ ही रचना मांडली. मॉडेल म्हणजे माहिती आणि तिचे नियम, व्ह्यू म्हणजे त्या माहितीचे पडद्यावरील दर्शन, तर कंट्रोलर म्हणजे कळफलक व माऊसद्वारे आलेल्या सूचना हाताळणारा दुवा. यातील मर्म असे, की आपले दर्शन कोणत्या पडद्यावर व कसे घडते, याची मॉडेलला फिकीर नसते. त्यामुळे एकाच माहितीची अनेक रूपे दाखवता येतात.

हे पथ्य मोडले तर काय होते? समजा, दिवसाला जास्तीत जास्त २० हजार रुपये काढता येतील, हा नियम प्रत्येक पडद्याच्या आज्ञावलीत स्वतंत्रपणे लिहिला आहे. मर्यादा २५ हजारांवर नेताना चार ठिकाणी बदल करावा लागेल. त्यातले एक ठिकाण नजरेतून सुटले, की एकाच खात्याला दोन नियम लागू झाले! त्याहून मोठा धोका सुरक्षेचा. अ‍ॅप ग्राहकाच्या हाती असते. तपासणी केवळ अ‍ॅपमध्येच असेल, तर जाणकार भामटा अ‍ॅपला वळसा घालून थेट बँकेच्या सर्व्हरकडे विनंती पाठवू शकतो. म्हणूनच पडद्याने चूक तत्काळ दाखवावी, ती सोय आहे. अंतिम निवाडा मात्र गाभ्यानेच करायचा असतो.

या विभागणीची किंमतही मोजावी लागते. आरंभीचा आराखडा अधिक काळजीने आखावा लागतो आणि लहानशा, तात्पुरत्या कामासाठी एवढा खटाटोप अनाठायी ठरू शकतो. जेथे पैशांचा प्रश्न आहे, तेथे मात्र तो टाळून चालत नाही. भारतात २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमध्ये याच तत्त्वाचे व्यापक रूप दिसते. ग्राहक कोणत्याही कंपनीचे अ‍ॅप वापरो, त्याचा पिन तपासून खात्यातून रक्कम वजा करण्याचे काम त्याची बँकच करते. अ‍ॅप बदलले तरी खाते आणि हिशोब जागच्या जागी राहतात, ते यामुळेच.