काडतुसाचे पितळ

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. सोनागिरीच्या बाजारात पितळेचा भाव विचारावा, एवढीच आमची धातूशी ओळख! पण काडतुसाचे पितळ निराळे. त्यात 70 टक्के तांबे नि 30 टक्के जस्त. बार उडताच टरफल फुगून नळीला घट्ट बसते, लगेच आकसते. म्हणूनच नेमबाज ते पुन्हा भरू शकतात.

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली काडतुसे आपोआप तडकत. 1921 च्या सुमारास कारण उलगडले: घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना धातूत राहिलेला ताण. टरफल बेताने तापवले की ताण जातो. नव्या टरफलाच्या मानेवरची निळसर झाक ही तापवल्याचीच खूण. माझा मित्र मात्र तिला गंज समजला!