भौगोलिक कारणे द्या

१९७५ साली महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. जुन्या अकरावी मॅट्रिकची शेवटची तुकडी आणि दहावीची पहिली तुकडी त्या वर्षी एकदमच शाळेबाहेर पडली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत भूगोलाची पुस्तकं पुन्हा पुन्हा बदलली, गुणांची वाटणी बदलली, पण प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न जवळपास प्रत्येक पिढीच्या वाट्याला आला : भौगोलिक कारणे द्या. जोड्या लावायला आणि रिकाम्या जागा भरायला स्मरणशक्ती पुरते. हा प्रश्न मात्र विचार करून सोडवायचा होता. गंमत अशी की गाइडं आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्या कृपेने सर्वांत जास्त घोकला गेला तो हाच. त्यामुळे जमिनीवरची परिस्थिती पालटली तरी वहीतलं उत्तर पालटायला वेळ लागला.

मुंबईच्या सुती वस्त्रोद्योगाचं उदाहरण घ्या. दमट हवेत धागा तुटत नाही, विदर्भ-खानदेशातून कापूस येतो, बंदर आहे, रेल्वे आहे, भांडवल आणि मजूर आहेत. पाच मुद्दे लिहिले की गुण पदरात. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि पुढच्या काळात गिरण्यांची धुराडी एकेक करून थंडावली. लालबाग-परळच्या चाळीतली मुलंही परीक्षेत ते पाच मुद्दे वर्तमानकाळातच लिहीत राहिली. खरं तर एवढा मोठा धडा घराच्या दाराशी होता. हवा तशीच दमट होती, बंदर जागच्या जागी होतं, रेल्वेही धावत होती, तरी उद्योग गेला. एखादी गोष्ट इथे का आली हे भूगोल सांगतो. ती का टिकली नाही हे समजायला कामगार, जमिनीचे भाव आणि सरकारी धोरण यांच्याकडे पाहावं लागतं.

दुसरा धक्का पठाराने दिला. दख्खनचं पठार कठीण, प्राचीन आणि स्थिर, अशी आपली समजूत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तिला छेद देणारा होता, पण त्याचा संबंध धरणाच्या साठ्याशी जोडला गेला आणि तो अपवादात जमा झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर काही तासांतच, लातूरजवळच्या किल्लारी परिसरातली गावं भूकंपाने कोसळली आणि हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित नकाशात पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि लातूरचा परिसर तिसऱ्यात गेला.

पर्जन्यछायेचं उत्तर मात्र आजही शंभर टक्के खरं आहे. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाट उतरून वाईला आलं की तो हजाराच्याही खाली येतो. पण याच कोरड्या पट्ट्यात, नगर-सोलापुरात, साखर कारखान्यांची रांग लागली. सगळ्या पिकांत पाण्याची हाव मोठी असलेला ऊस कमी पावसाच्या मुलखात कसा? त्याचं उत्तर ढगांपाशी नाही. ते १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या कालव्यांत आणि नंतरच्या सहकारी कारखान्यांच्या राजकारणात आहे. वर्गात हे उत्तर ‘सिंचनाच्या सोयी’ या दोन शब्दांत उरकलं जाई.

नकाशाचंही तसंच. राज्य स्थापन झालं तेव्हा २६ जिल्हे होते. २०१४ मध्ये पालघर झाल्यावर ते ३६ झाले. सोव्हिएत युनियन १९९१ मध्ये विरघळलं. थोरल्या भावाचा नकाशासंग्रह धाकट्याला चालेनासा झाला.

खरी कूस बदलली ती बालभारतीच्या २०१७ आणि २०१८ च्या पुस्तकांनी. नववीचं पुस्तक वितरणाच्या नकाशांनी सुरू झालं : टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत, समघनी पद्धत. दहावीचं सुरू झालं क्षेत्रभेटीने, आणि पुढे पुस्तकभर भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवले गेले. ब्राझीलची दाट वस्ती किनाऱ्यालगत, आपली गंगेच्या मैदानात. दोन देश समोर आले की घोकलेलं कारण अपुरं पडतं, कारण दुसऱ्या देशात ते लागू का होत नाही हेही सांगावं लागतं.

या पुस्तकावर दहावीला बसलेल्या दुसऱ्या तुकडीच्या नशिबी वेगळंच होतं. २३ मार्च २०२० चा भूगोलाचा पेपर करोनामुळे आधी पुढे ढकलला गेला आणि मग रद्दच झाला. इतर विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. आणि त्याच आठवड्यांत भूगोल घराघरांत शिरला. जिल्हे लाल, नारिंगी आणि हिरव्या रंगांत रंगले. नववीतली क्षेत्रघनी पद्धत टीव्हीवर रोज दिसू लागली. मुंबई-आग्रा महामार्गावरून मजूर चालत गावी निघाले, आणि स्थलांतराच्या पाठातले बाण माणसांचे झाले.

विज्ञान आणि वाणिज्य शाखेच्या बहुतेक मुलांचा भूगोल दहावीलाच संपतो. काहींना तो पुन्हा भेटतो स्पर्धा परीक्षेच्या वेळी. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये पंचविशीतली मुलं बालभारतीची शालेय पुस्तकं नव्याने उघडून बसतात आणि बऱ्याचदा पुन्हा घोकायलाच लागतात. पुस्तक सुधारलं, आता परीक्षेची पाळी आहे. आपल्या तालुक्यात गेल्या वीस वर्षांत कोणतं पीक मागे पडलं, कोणतं आलं, कोणत्या गावाला टँकर लागू लागला, याची कारणं निदान अंतर्गत मूल्यमापनात तरी विचारता येतील. तपासायला शिक्षकांना कष्ट पडतील, उत्तरं एकसारखी येणार नाहीत. पण त्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याच गाइडात छापून मिळणार नाही, आणि मुलांना बाहेर जाऊन विचारावं लागेल.