सतरावा मजला आणि तळमजला

माझ्या पर्समध्ये पाच मीटरची टेप असतेच. तेवीस वर्षे मुंबईत इमारतींचे नकाशे काढते आहे. जिन्याची पायरी असो की फुटपाथ, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. सिंगापूरच्या रॅफल्स प्लेस स्टेशनातून सकाळी नऊला वर आले तेव्हाही पहिल्यांदा हात गेला तो टेपकडेच. चहूबाजूंनी 280 मीटरपर्यंत उंचीचे मनोरे, आणि मी वाकून खांबापासून दुकानाच्या काचेपर्यंतचे अंतर मोजत होते. तीन मीटर साठ सेंटिमीटर.

"अगं, वर बघ की जरा!" माझी वर्गमैत्रीण म्हणाली. जेजेच्या वास्तुरचना कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. गेली सोळा वर्षे ती इथे वास्तुरचनेच्या ऑफिसात काम करते. तिला मला एका मनोऱ्याचा सतरावा मजला दाखवायचा होता. मला तो पाहायचा होताच, पण आधी तळमजल्यावरची ही छताखालची वाट नीट पाहायची होती.

मी तिला पडवीच म्हणते. 1822 मध्ये या वसाहतीचा ब्रिटिश संस्थापक रॅफल्स याने गावाची आखणी करवून घेतली, तेव्हा त्याच्या सूचनांत एक गोष्ट स्पष्ट होती: प्रत्येक घराने रस्त्याच्या अंगाला ठरावीक खोलीचा व्हरांडा ठेवायचा, आणि तो सतत, सगळ्यांना चालायला मोकळा असायचा. मलय भाषेत तिला 'काकी लिमा' म्हणतात, म्हणजे पाच फूट. जुन्या दुकानघरांसमोर ती अजून आहे. दोनशे वर्षांत घरे गेली, काचेचे मनोरे आले, पण पडवीची अट सुटली नाही. उलट ती रुंद झाली. शहराचे नियोजन करणारी संस्था यूआरए आजही मध्यवर्ती भागात नवी इमारत मंजूर करताना तळमजल्याला छताखालची वाट मागते. तिची जमीन शेजाऱ्याच्या वाटेशी समपातळीत जुळली पाहिजे. छत किती उंच न्यायचे यालाही मर्यादा आहे, कारण छत उंच गेले की पाऊस तिरका आत शिरतो. या शेवटच्या अटीवर मी खूश झाले. ज्याने ती लिहिली, तो माणूस पावसात स्वतः उभा राहून भिजलेला असणार.

आपल्याकडे ही कल्पना नव्हती असे नाही. फोर्टातल्या दादाभाई नौरोजी रोडच्या कमानी आठवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या प्रत्येक इमारतीला तळाशी कमानींची वाट ठेवणे बंधनकारक झाले, आणि म्हणूनच वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या शैलींच्या त्या इमारती आजही हातात हात घालून उभ्या असल्यासारख्या दिसतात. भर जुलैत सीएसएमटीहून फ्लोरा फाउंटनकडे निघालेला माणूस बराचसा कोरडा पोचतो. नंतर आपण नरिमन पॉइंट बांधले, बीकेसी बांधले, आणि ही अट कुठे हरवली ते कुणाच्या लक्षातही आले नाही. बीकेसीत इमारत आणि रस्ता यांच्यामध्ये कंपाउंडची भिंत असते, मग वॉचमनची केबिन, मग गाड्यांचा उतार, मग कुणी पाय न ठेवायची हिरवळ. मे महिन्यात दुपारी दीडला तिथे चालून बघावे. सावली शोधावी लागते.

आता सतरावा मजला. कॅपिटास्प्रिंग ही 51 मजल्यांची इमारत 2021 मध्ये पूर्ण झाली. डेन्मार्कचे ब्यार्के इंगल्स यांचे कार्यालय आणि इटलीचे कार्लो रात्ती यांचे कार्यालय, दोघांनी मिळून तिचा आराखडा केला. बाहेरून पाहिले तर अंगभर ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या आहेत, आणि मध्येच, साडीच्या निऱ्या हाताने बाजूला साराव्यात तशा त्या पट्ट्या फाकल्या आहेत. त्या फटीतून झाडे बाहेर डोकावतात. ती झाडे 17 ते 20 या चार मजल्यांवरच्या उघड्या बागेतली. तिच्या खाली मुक्कामाच्या सदनिका, वर ऑफिसे, आणि अगदी माथ्यावर पुन्हा बाग. कामाच्या दिवशी ठरावीक वेळांत कुणालाही फुकट वर जाता येते.

लिफ्टचे दार उघडले आणि चष्म्यावर वाफ धरली. वातानुकूलित डब्यातून एकदम कोकणातल्या परसात उतरल्यासारखे झाले. ओल्या मातीचा वास, रुंद पानांची दाटी, वळणे घेत वर चढणारी वाट, आणि पानांमधून दिसणारे शेजारच्या ऑफिसांचे डेस्क. एका वळणावर निळा गणवेश घातलेला माळी गुडघ्यांवर बसून पाने खुडत होता. तामिळनाडूतला. मी "अण्णा" म्हटल्यावर हसला आणि मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत आमचे जमले.

त्याच्या कमरेला पिशवी होती. वाळलेले पान खुडले की पिशवीत. जमिनीवर एकही टाकायचे नाही. "वारा," तो बोट वर करून म्हणाला. इथून उडालेली फांदी खाली कुणाच्या डोक्यात जाईल. म्हणून मोठ्या झाडांची मुळे मातीखाली तारांनी बांधलेली असतात, वरून काही दिसत नाही. माझ्या परवानगीच्या नजरेला त्याने मान हलवली तेव्हा मी कुंडीच्या मातीत बोटे घातली. माती कसली, हलका, भुसभुशीत, दाणेदार चुरा. साधी बागेतली माती ओली झाली की एका घनमीटरला दीड टनाच्या वर भरते. तेवढे ओझे चार मजल्यांवर घालायचे तर खालचे खांब-तुळया त्या हिशेबाने फुगवाव्या लागतात. म्हणून मिश्रण हलके, पाणी थेंबाथेंबाने नळीतून, आणि जास्तीचे पाणी लगेच निघून जायला खाली वेगळा थर.

मग त्याने एक गोष्ट दाखवली जी मला कुठल्याही नकाशात दिसली नसती. अननसाच्या जातीची शोभेची झाडे असतात, त्यांच्या पानांच्या मुळाशी वाटीसारखी जागा होते आणि तिथे पाणी साठते. अण्णा एकेका वाटीत वाकून पाहत होता आणि चिमटीने अळीनाशक दाणे टाकत होता. सिंगापुरात डेंग्यू आहे, आणि डासाच्या अळ्या सापडल्या तर दंड होतो. सतराव्या मजल्यावरची हिरवाई टिकते ती अशी, एकेका वाटीत वाकून बघणाऱ्या माणसामुळे. वास्तुरचनेच्या बक्षिसांच्या यादीत त्याचे नाव कुठे येत नाही. यायला हवे.

हे सगळे बिल्डरने आपण होऊन केले का? नाही. इथे माझ्या मैत्रिणीने वही काढून मला हिशेब मांडून दाखवला, आणि तो प्रत्येक मराठी वास्तुरचनाकाराने समजून घ्यावा असा आहे. 2009 मध्ये यूआरएने 'लश' नावाची योजना आणली. तिचे सार असे: इमारतीच्या भूखंडाचे जितके क्षेत्र, तितकी हिरवाई तिने गच्चीवर, मधल्या मजल्यांवर, भिंतींवर, कुठेही, पण परत द्यायची. बदल्यात सवलत अशी, की मधल्या मजल्यावरची सार्वजनिक गच्ची बाजूंनी पुरेशी मोकळी असेल, तर तिचे क्षेत्रफळ एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर परवानगी असलेल्या एकूण बांधकामात, धरत नाहीत. ती बंदिस्त करायची नाही, ही अट. त्याच वर्षी उद्यान खात्याने गच्चीवरच्या लागवडीच्या खर्चाचा अर्ध्यापर्यंतचा वाटा उचलायचीही योजना काढली.

हे ऐकताना मला आपले फ्लॉवर बेड आठवले. मुंबईतही कधीकाळी फ्लॉवर बेड एफएसआयमधून मुक्त होते. हेतू हाच होता, खिडकीखाली थोडी झाडे यावीत. आम्ही सगळ्यांनी ते नकाशात हिरव्या रंगाने दाखवले, आणि ताबा मिळाल्यावर आठवड्याभरात ते खोलीत गेले. त्यांचे चौरस फूट विकले गेले. शेवटी 2012 मध्ये महापालिकेने नियम बदलून ही सगळी क्षेत्रे एफएसआयमध्ये धरली आणि बदल्यात राहत्या इमारतींना 35 टक्के फंजिबल, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा जादा, एफएसआय दिला. झाडांचा विषय तिथेच संपला. सवलत दोन्ही शहरांनी दिली. एका शहरात नंतर कुणीतरी जाऊन बघत होते, दुसऱ्यात नाही. मी त्या नकाशांवर सही करणाऱ्यांपैकी आहे, म्हणून हे लिहिणे मला भाग आहे.

पण सतराव्या मजल्याबद्दल एक गोष्ट बोललीच पाहिजे. तिथे आम्ही तासभर होतो. पंधरा-वीस माणसे भेटली, बहुतेक माझ्यासारखीच हातात मोबाइल घेऊन आलेली. बाग सुंदर आहे, हवेला बरी आहे, पाखरांना बरी आहे. खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला तिचा काय उपयोग? मान वर केली तर हिरवा पट्टा दिसतो, एवढाच. रस्ता जिवंत होतो तो वेगळ्या गोष्टींनी, आणि त्या याच इमारतीत खाली आहेत.

या जागेवर आधी गोल्डन शू कार पार्क होते. या भागाचा आकार नकाशात बुटासारखा दिसतो म्हणून हे नाव. 1984 मध्ये बांधलेल्या त्या गाडीतळात खालच्या मजल्यांवर हॉकर सेंटर होते, म्हणजे एका छताखाली ओळीने मांडलेल्या छोट्या खानावळी. 2017 मध्ये गाडीतळ पाडायला घेतला. आपल्याकडे अशा वेळी खानावळवाल्यांचे काय होते ते सांगायला नको. इथे त्यांना जवळच तात्पुरते छप्पर बांधून दिले, आणि नवा मनोरा उभा राहिल्यावर त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर 56 गाळ्यांचे हॉकर सेंटर परत आले. शहरातली अतिशय महागडी जमीन, वर जगभरातल्या कंपन्यांची ऑफिसे, आणि सरकत्या जिन्याने वर गेले की पाच-सहा डॉलरला पोटभर जेवण.

पावणेबाराला तिथे बसायला जागा होती. सव्वाबाराला टेबलांवर टिश्यूची पाकिटे पडलेली दिसू लागली. पाकीट ठेवले की जागा धरली. त्याला इथे 'चोप' करणे म्हणतात. गळ्यात बँकेचे ओळखपत्र घातलेला अधिकारी आणि पिवळे हेल्मेट काखेत धरलेला मजूर एकाच रांगेत, एकाच फिशबॉल नूडल्ससाठी. जेवण झाले की ही सगळी गर्दी लगेच लिफ्टकडे वळत नाही. खाली इमारतीच्या पायथ्याशी सुमारे 18 मीटर उंच छताची मोकळी जागा ठेवली आहे, दार नाही, भिंत नाही. तिथे माणसे रेंगाळतात. शेजारी मार्केट स्ट्रीटचा एक तुकडा गाड्यांना बंद करून झाडांचा केला आहे, तिथल्या कट्ट्यावर बसतात. मी दुपारी एकला दहा मिनिटे उभी राहून त्या कट्ट्यावरची माणसे मोजली: एकेचाळीस. सतराव्या मजल्यावरच्या दुपटीहून जास्त.

तीनला पाऊस आला, इथे येतो तसा, एकदम आणि पूर्ण. आम्ही तेलोक आयरच्या दिशेने निघालो. पडव्यांखालून, एका इमारतीतून दुसरीत, पायरी न चढता. एक बाई बाळाची गाडी ढकलत आमच्या पुढे होत्या. त्यांची चाल पावसाने जराही बदलली नाही. दोन ठिकाणी, रस्ता ओलांडताना, छत्री उघडावी लागली.

सगळे काही जमले आहे असे मात्र नाही. रविवारी मी एकटी याच भागात परत आले होते. शेंटन वे, रॉबिन्सन रोड, सेसिल स्ट्रीट ओस पडले होते. पडव्या होत्या, झाडे होती, माणूस नव्हता. नुसती ऑफिसे रचली की शुक्रवारी संध्याकाळी गाव रिकामे होते, मग तळमजला कितीही चांगला असो. हे यूआरएला कळले आहे. 2019 च्या आराखड्यात त्यांनी जुन्या ऑफिस इमारतींचे मालक घरे-हॉटेले घालून पुनर्बांधणी करणार असतील, तर वाढीव क्षेत्र द्यायची योजना आणली. कुणीतरी तिथे रात्री झोपले पाहिजे, सकाळी दूध-पाव आणायला खाली उतरले पाहिजे. गिरगाव आणि फोर्ट यांच्यातला फरक हाच तर आहे.

सिंगापूरला जाणारे मराठी पर्यटक मरीना बे सँड्स हॉटेलचे छत आणि कॅपिटास्प्रिंगची बाग पाहून येतात. जरूर पाहा. पण एका कामाच्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला बून टॅट स्ट्रीटवर जाऊन उभे राहा. शेजारी लाउ पा सात आहे, 1894 चा अष्टकोनी लोखंडी बाजार. 1986 मध्ये खालून मेट्रोचा बोगदा काढायचा म्हणून तो तुकड्या-तुकड्यांनी खोलून ठेवला आणि नंतर पुन्हा जोडला. सातच्या सुमारास दोन माणसे रस्त्यावर अडथळे आणून लावतात, गाड्या थांबतात, आणि डांबरावर टेबले-खुर्च्या मांडल्या जातात. शेगड्या पेटतात, साटेचा, म्हणजे काडीवर भाजलेल्या मांसाचा, धूर मनोऱ्यांच्या मधून वर चढतो. टेप बरोबर न्या. मी मोजला तो रस्ता दहा मीटरहून फारसा रुंद नाही.