झोपाळू की आजारी?

वर्गात डुलकी घेणाऱ्या विद्यार्थ्याला बाकावर उभे करावयाचे, हा माझा जुना शिरस्ता. भालकी तालुक्यातील शाळेत असताना सातवीतील एका मुलाच्या वाट्याला ही शिक्षा रोजच येई. रात्रभर झोपूनही तो भर वर्गात झोपी जाई. कोणी विनोद केला की हसताहसता त्याचे गुडघे लुळे पडत आणि तो मटकन खाली बसे. शुद्ध मात्र हरपत नसे. घरच्यांनी फेफरे समजून आधी गंडा बांधला, मग झटक्यांवरच्या गोळ्या दिल्या. मी त्याला कुंभकर्ण म्हणत असे. शेवटी त्याने शाळाच सोडली.

या विकाराला नार्कोलेप्सी म्हणतात. १८८० साली जेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी हे नाव दिले. मेंदूतील ओरेक्झिन या द्रव्याचा शोध १९९८ मध्ये लागला. हे द्रव्य आपल्याला जागे ठेवते. हसताना अंग लुळे पडणाऱ्या रुग्णांत ते निर्माण करणाऱ्या पेशीच नाहीशा झालेल्या असतात. झोपेच्या सीमेवर भास होणे, जाग येऊनही अंग न हलणे, हीही लक्षणे आढळतात. आपल्याकडे त्यांनाच बाहेरची बाधा समजतात!

परंतु प्रत्येक झोपाळू मूल या रोगाचे नव्हे. अपुरी झोप, रक्तक्षय, घोरताना श्वास अडकणे ही कारणे आधी पडताळावी लागतात. एक-दोन आठवडे झोपेच्या वेळांची नोंद ठेवावी. त्यानंतर एक रात्र यंत्रांच्या साहाय्याने मेंदूच्या लहरी, श्वास व डोळ्यांची हालचाल तपासतात. दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांच्या अंतराने चार-पाच वेळा झोपण्याची संधी देतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि किमान दोनदा पंधरा मिनिटांच्या आतच स्वप्नांची निद्रा सुरू झाली, तर निदानास बळकट आधार मिळतो. काही औषधांनी हा निष्कर्ष चुकतो. म्हणून चालू गोळ्या डॉक्टरांना अवश्य सांगाव्यात, परस्पर बंद करू नयेत. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये निद्राविकारांची तपासणी होते.

रोग समूळ जात नाही. पण औषधे आणि दिवसा ठरावीक वेळी घेतलेली छोटी झोप यांनी शिक्षण, संसार सुरळीत चालू शकतो. त्या मुलाला ती वीस मिनिटे मी देऊ शकलो असतो. पालकहो, शिक्षकबंधूंनो, छडी उचलण्यापूर्वी एवढे तरी विचारा : बाळ, हसताना तुझे पाय लुळे पडतात का?