ढोरांचं औषध मांजराला नको

पावसाळा मध्यावर आला की वर्धा जिल्ह्यातल्या घराघरांत मांजरं खाजवायला लागतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात आणि हवा कोरडी ठाक असते, तेव्हा अंगणातल्या पिसवांच्या अळ्या तगत नाहीत. पस्तीस अंशांवरची उष्णता आणि कोरडेपणा त्यांना मारतो. जुलैपासून ऊब आणि ओल दोन्ही जमून येतात आणि अंड्यापासून पिसूपर्यंतचा प्रवास तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. घरात कूलर चालत असेल तर भर उन्हाळ्यातही कोपऱ्यांत दमटपणा राहतो, त्यामुळे काही घरांत पिसवा बाराही महिने असतात.

घरची माणसं मग हाताशी असेल ते औषध शोधतात. आणि कपाशीच्या, ढोरांच्या या जिल्ह्यात हाताशी औषधं भरपूर असतात. आर्वी, आष्टी, कारंजा हा तर गवळाऊ गाईबैलांचा मुलूख. कोठ्यातल्या फळीवर गोचिडाच्या औषधाची बाटली असतेच: कुठे डेल्टामेथ्रिन, कुठे सायपरमेथ्रिन, कुठे अमिट्राझ. तिच्या बाजूला पऱ्हाटीवर फवारायचं औषध. घरी कुत्रा असला तर त्याची पावडर किंवा मानेवर टाकायचे थेंब. बैलाला चालतं, कुत्र्याला चालतं, मग मांजराला जरासं लावलं तर काय बिघडलं, असं वाटणं साहजिक आहे. बिघडतं ते मांजराच्या यकृतामुळे.

अंगात शिरलेल्या परक्या रसायनाला यकृत ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड देतं. त्यामुळे ते पाण्यात विरघळतं आणि लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर पडतं. हे काम करणाऱ्या विकरांपैकी एक महत्त्वाचं विकर म्हणजे यूजीटी1ए6. फिनॉल गटातल्या रसायनांचा निचरा मुख्यतः तेच करतं. मांजरात या विकराचा जनुक आहे, पण तो निकामी झालेला आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार हा बिघाड साडेतीन कोटी ते एक कोटी दहा लाख वर्षांपूर्वी केव्हातरी मार्जारकुळात कायमचा रुजला आणि आजच्या सगळ्या मार्जारांत तो आहे. बोरच्या जंगलातल्या वाघातही तो आहे आणि तुमच्या चुलीजवळ बसलेल्या बोक्यातही. संशोधकांचा तर्क असा की निव्वळ मांसावर जगणाऱ्या प्राण्याच्या पोटात वनस्पतींतली विषारी द्रव्यं फारशी जात नव्हती, म्हणून हा जनुक मोडला तरी त्याचं काही अडलं नाही. अडायला लागलं ते माणसाच्या घरात, औषधांच्या संगतीत राहायला आल्यावर.

म्हणूनच माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. पिसवा जाव्यात म्हणून डेटॉलच्या पाण्यात मांजराला आंघोळ घालणं किंवा फिनाइलने नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर त्याला फिरू देणं धोक्याचं आहे ते याच कारणाने. पर्मेथ्रिन आणि त्याच्या जातीच्या डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन या औषधांचा निचराही मांजराच्या यकृताला नीट जमत नाही. ही औषधं मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतात आणि मज्जातंतू थांबायचं नाव घेत नाहीत. किड्याचा त्याने चटकन निकाल लागतो. गाय किंवा कुत्रा औषधाचं विघटन वेळेत करतो. मांजराच्या अंगात ते साचून राहतं. कुत्र्यांच्या काही थेंबांत पर्मेथ्रिनचं प्रमाण 45 ते 65 टक्क्यांपर्यंत असतं. त्यातले थोडे थेंबही मांजराला भारी पडतात.

त्यात मांजराची सवय अशी की अंगावर पडलेलं काहीही ते चाटून साफ करतं. त्याला लावलेलं औषध हे त्याला पाजलेलं औषधच समजावं. म्हणून रॉकेल, कापूर, निलगिरीचं तेल हेही नको. वनस्पतीचं आहे म्हणून निर्धोक, हा हिशेब या प्राण्याला लागू पडत नाही.

पर्मेथ्रिनसारख्या औषधाची विषबाधा बहुतेक वेळा काही तासांत दिसते, कधी दुसऱ्या दिवशी. कान आणि चेहऱ्याची कातडी फडफडू लागते, मांजर पंजे झटकतं, लाळ गाळतं, झोकांड्या खातं. मग सगळं अंग थरथरतं आणि झटके येतात. अशा वेळी दूध, तूप, ताक काहीही तोंडात ओतू नका. थरथरणाऱ्या मांजराच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकतं. मांजर शुद्धीवर असेल आणि झटके येत नसतील तर कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून अंग धुवा, कोरडं करा, उबेत ठेवा आणि औषधाच्या बाटलीसह डॉक्टरांकडे न्या. या विषाला थेट उतारा नाही, पण झटके आवरणारी औषधं आणि सलाइन वेळेवर मिळालं तर पुष्कळ मांजरं वाचतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं बहुतेक काम गाई-बैलांचं आणि शेळ्यांचं असतं, नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय वर्ध्याहून पाऊणशे किलोमीटरवर आहे. म्हणून मांजराला तपासणारा डॉक्टर जवळपास कुठे आहे हे आधीच माहीत करून ठेवलेलं बरं.

आता करायचं काय? आधी पिसवा आहेत का ते पाहावं. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरा आणि फणीतला काळा कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. काळ्या कणांभोवती तांबूस डाग पसरले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. धूळ असेल तर रंग उतरत नाही. फणीत सापडलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. आठ आठवड्यांखालच्या पिल्लांसाठी तर फणी हाच पहिला उपाय. मात्र अशा पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. पिसवा इतकं रक्त पितात की पिल्लू दगावतं.

मोठ्या मांजरासाठी सेलामेक्टिन, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड यांचे मांजरांसाठीच बनवलेले थेंब मिळतात. डॉक्टरांना वजन सांगून घ्यावेत. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही नावं कृषी केंद्रातल्या बाटल्यांवरही दिसतील, पण नाव एक असलं तरी त्यांची तीव्रता आणि त्यातले द्रावक वेगळे असतात; ते औषध पिकाचं, मांजराचं नव्हे. ढोरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही टाळावं. साध्या मात्रेत ते पिसवांवर फारसं चालत नाही आणि मात्रा वाढली की मांजरच आजारी पडतं.

थेंब टाकताना मानेच्या मागे, कवटीच्या बुडाशी केस दुभंगून कातडी दिसू द्यावी आणि कातडीवरच टाकावेत. केसांवर पडले तर औषध वाया जातं, खांद्याकडे ओघळले तर जीभ पोचते. मांजर बिथरत असेल तर टॉवेलात गुंडाळून घरच्या माणसाने मांडीवर धरावं. घरात दोन मांजरं असली तर औषध वाळेपर्यंत त्यांना वेगळं ठेवावं, कारण ती एकमेकांना चाटतात. कुत्र्याला पर्मेथ्रिन लावलं असेल तर मांजराला त्याच्या कुशीत झोपू देऊ नये.

एवढं करूनही महिन्याभरात पिसवा पुन्हा दिसल्या की लोक औषधाला नावं ठेवतात. खरं तर मांजराच्या अंगावर दिसतात त्या एकूण पिसवांच्या जेमतेम पाच टक्के. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते, ती गुळगुळीत असल्याने घरंगळून जमिनीच्या भेगांत, पोत्यांत, घरात साठवलेल्या कापसात पडतात. कोषातली पिसू धूळ चिकटलेल्या वेष्टनात महिनोन्महिने दबा धरते. तिथे औषध पोचत नाही. मांजराची चादर दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकावी, त्याच्या झोपायच्या जागा रोज झाडाव्यात आणि औषध निदान तीन महिने चुकवू नये. अंग चाटताना गिळलेल्या पिसवांतून पट्टकृमी होतो, म्हणून जंताचं औषधही डॉक्टरांना विचारून द्यावं.

औषधाच्या दुकानदारांना एक विनंती: पिसवांचं किंवा गोचिडाचं औषध मागायला कोणी आलं की ते कुणाला लावणार, एवढं जरूर विचारा. मांजराला म्हटलं आणि वेष्टनावर मांजराचं नाव नसलं, तर ती बाटली देऊ नका.