टी-फोर चढलेलं, टीएसएच मात्र जागच्या जागी

थायरॉइडचा रिपोर्ट वाचण्याचा एक साधा आडाखा आहे. रक्तात टी-थ्री, टी-फोर ही थायरॉइडची संप्रेरकं वाढली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी थायरॉइडला चालना देणारं टीएसएच सोडणं आवरतं घेते. एक आकडा वर, तर दुसरा खाली. पण टी-फोर चढलेलं असूनही टीएसएच खाली येतच नसेल तर?

१९६७मध्ये सॅम्युअल रेफेटॉफ आणि सहकाऱ्यांनी अशी भावंडं नोंदवली. ती जन्मापासून बहिरी होती आणि त्यांना गलगंड होता. रक्तात संप्रेरक भरपूर, तरी त्या जास्तीचा त्रास दिसेना. शरीरच संप्रेरकाला दाद देत नसावं, हा तेव्हाचा तर्क पुढे खरा ठरला. दोष निघाला तिसऱ्या गुणसूत्रावरच्या टीएचआरबी या जनुकात.

या जनुकापासून बनणारं रिसेप्टर प्रथिन पेशीच्या केंद्रकात डीएनएला धरून बसतं. टी-थ्री येईपर्यंत ते अनेक जनुकं दाबून ठेवतं आणि टी-थ्री मिळालं की मोकळी करतं. खरी गंमत पुढे आहे. त्या भावंडांच्या आईवडिलांत जनुकाची एकेक प्रत अजिबातच नव्हती, तरी ते ठणठणीत होते. उलट इतर बहुतेक रुग्णांत दोन्ही प्रती असतात, फक्त एकीत एखादं अक्षर चुकलेलं असतं, आणि तेवढ्यानं आजार होतो. कारण बिघडलेला रिसेप्टर एसटीच्या सीटवर टाकलेल्या रुमालासारखा असतो: स्वतः कामाचा नाही आणि चांगल्यालाही बसू देत नाही.

पीयूष ग्रंथी आणि यकृताची भिस्त मुख्यतः याच रिसेप्टरवर. हृदयाचं काम मात्र सतराव्या गुणसूत्रावरच्या टीएचआरए जनुकाच्या रिसेप्टरवर चालतं, आणि तो शाबूत असतो. म्हणून एकाच माणसाच्या हृदयाची धडधड वाढते आणि त्याच वेळी कोलेस्टेरॉलही चढू शकतं.

साधारण ४० हजारांत एकाला होणारा हा आजार. पण टीएसएचकडे दुर्लक्ष करून केवळ टी-फोर पाहिलं, की धडधाकट ग्रंथी शस्त्रक्रियेनं काढली जाते किंवा किरणोत्सारी आयोडीननं जाळली जाते. असं अनेकांच्या बाबतीत घडलं आहे. मग जन्मभर गोळ्या, त्याही नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेच्या. रक्ताच्या नात्यातल्या माणसांचे रिपोर्ट आधी मागवले असते, तर बऱ्याचदा उलगडा तिथेच झाला असता.

हृदय आणि यकृताचे रिसेप्टर वेगळे असण्याचा फायदा आता औषधं बनवणारेही घेत आहेत. मार्च २०२४मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं रेस्मेटिरोम हे औषध मुख्यतः टीएचआरबीच्या रिसेप्टरलाच चेतवतं. चरबी साचून सुजलेल्या आणि व्रण पडू लागलेल्या यकृतासाठी ते दिलं जातं.